पिनकोडाचे अवयव पाडूया : ४१६००१ घेऊन मोठ्या संख्येची ओळख

रविवारी सकाळी आमच्या गल्लीतली पाचवी ते आठवीची पोरं वह्या घेऊन माझ्याकडं येतात. बहुतेक जण शिष्यवृत्तीची तयारी करत असतात. लसावि-मसावि त्यांना येतो, १२ आणि १८ चा तर तोंडी येतो. पण फळ्यावर सहा अंकी संख्या लिहिली की वर्ग गप्प होतो. मोठी संख्या म्हणजे काहीतरी वेगळं प्रकरण आहे, असं त्यांना वाटतं. मोठ्या माणसांनाही तसंच वाटतं, हे मी पाहिलं आहे.

म्हणून मी प्रत्येकाला आपापला पिनकोड लिहायला सांगतो. तो सहा अंकी असतो, पाठ असतो आणि स्वतःचा असतो. वहीच्या दोन पानांत त्याची सगळी माहिती हातानं काढता येते. हा लेख त्याच पद्धतीचा आहे. उदाहरणाला कोल्हापुरातल्या शाहूपुरीचा ४१६००१ घेतो. तुमचा कोड वेगळा असेल तर शेजारी तो लिहून तीच पावलं टाकत या.

पिनकोडाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढं त्याचा उपयोग होणार आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतातले कवीही होते. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. पहिले तीन अंक मिळून टपालाची वर्गवारी होणारा जिल्हा कळतो आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारं टपाल कार्यालय दाखवतात. आपल्या ४१६ मध्ये कोल्हापूरबरोबर सांगली आणि सिंधुदुर्गही येतात. पत्त्यापुरता हा कोड म्हणजे नुसतं नाव आहे. आपण मात्र त्याच्याकडं चार लाख सोळा हजार एक अशी संख्या म्हणून पाहणार आहोत.

लागणारं सामान : वही, पेन्सिल आणि ३० पर्यंतचे पाढे. मोबाइलचा कॅल्क्युलेटर ताळा बघायला चालेल, भागाकार मात्र हातानं करा. बाकी किती उरते ते हातानं केल्यावरच डोळ्यांसमोर राहतं, आणि इथं बाकीलाच किंमत आहे.

पायरी १ : कुठं थांबायचं ते आधी ठरवा

नवखा माणूस २ पासून भागायला लागतो, ४०-५० भागाकार करतो आणि मग विचारतो, "अजून किती?" याचं उत्तर सुरुवातीलाच मिळतं. संख्या संयुक्त असेल तर तिचा एक तरी मूळ अवयव तिच्या वर्गमुळाइतका किंवा त्याहून लहान असतोच. दोन्ही अवयव वर्गमुळापेक्षा मोठे असते तर त्यांचा गुणाकारही संख्येच्या पुढं गेला असता.

४१६००१ चं वर्गमूळ काढायला इथं एक छान आडवाट आहे. पाचावर संपणाऱ्या संख्येचा वर्ग करताना पाच सोडून उरलेली संख्या तिच्या पुढच्या संख्येनं गुणायची आणि शेवटी २५ लिहायचं. ६४५ साठी ६४ × ६५ = ४१६०, म्हणून ६४५ चा वर्ग ४१६०२५. आपली संख्या त्याच्या बरोबर २४ नं अलीकडं आहे. म्हणजे ६४४ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की काम संपलं. अशा मूळ संख्या ११७ आहेत. चार लाखांच्या संख्येला जास्तीत जास्त ११७ भागाकार, आणि पुढं दिसेल की तेवढेही लागत नाहीत.

पायरी २ : भागाकार न करता जेवढं कळतं तेवढं काढून घ्या

२ चालत नाही, शेवटचा अंक विषम आहे. ५ चालत नाही. ३ साठी अंकांची बेरीज करा : ४ + १ + ६ + ० + ० + १ = १२. बाराला ३ नं भाग जातो, ९ नं जात नाही. म्हणजे आपल्या संख्येत ३ हा अवयव आहे आणि एकदाच आहे. हे "एकदाच" वहीत लिहून ठेवा, पुढं लागेल.

आता आपल्या भागाची एक खास गोष्ट. ४१६ म्हणजे ३२ × १३. त्यामुळं ४१६००० ला १३ नं निःशेष भाग जातो. म्हणून ४१६ नं सुरू होणाऱ्या कुठल्याही पिनकोडाला १३ नं भाग जातो का हे पाहायला फक्त शेवटचे तीन अंक पुरतात. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांतल्या ४१६ वाल्या पोरांना १३ ची कसोटी अशी फुकट मिळालेली आहे. पुण्याच्या ४११ ला ती नाही. आपल्या कोडाचे शेवटचे तीन अंक ००१ आहेत, म्हणजे १३ नं भागल्यावर बाकी १ उरणार. १३ बाद.

पायरी ३ : अवयव पाडा, आणि प्रत्येक अवयवानंतर हद्द पुन्हा मोजा

४१६००१ ÷ ३ = १३८६६७.

इथून पुढं ४१६००१ विसरायचं. आता शोध १३८६६७ चा. ही संख्या लहान झाली, म्हणून तिची हद्दही लहान झाली : ३७२ चा वर्ग १,३८,३८४ आणि ३७३ चा १,३९,१२९, म्हणजे ३७२ पर्यंत पाहायचं. हद्द पुन्हा मोजायला बरेच जण विसरतात आणि जुन्याच ६४४ पर्यंत भागत बसतात.

आणखी एक सवय लावून घ्या. ३ नं एकदा भाग गेला म्हणून ३ सोडून देऊ नका, पुन्हा तपासा. १ + ३ + ८ + ६ + ६ + ७ = ३१, म्हणजे आता जात नाही. वर "एकदाच" लिहिलं होतं ते जुळलं.

पुढं ७, ११ आणि १३. या तिघांना एकदम तपासता येतं, कारण ७ × ११ × १३ = १००१. संख्येचे शेवटचे तीन अंक एकीकडं ठेवा, आधीचे दुसरीकडं आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराला ज्यानं भाग जातो त्यानं मूळ संख्येलाही जातो. इथं ६६७ − १३८ = ५२९. ७ नं भागल्यावर बाकी ४, ११ नं १, १३ नं ९. तिघंही बाद.

१७ नं भागा : बाकी १५. १९ नं भागा : बाकी ५.

या टप्प्यावर सहावीतल्या एका मुलीनं पेन्सिल खाली ठेवली होती. "काका, ही फुटत नाही. मूळच आहे वाटतं." मी तिला भागाकार करायला सांगितलं नाही. वहीतली संख्या मधे रेघ मारून लिहायला सांगितलं : १३८ | ६६७. ती थोडा वेळ बघत बसली आणि तिनं पाढा पुटपुटायला सुरुवात केली. तेवीस सक एकशे अडतीस. मग ६६७ : ६९० मधून २३ गेले ६६७, म्हणजे तेवीस एकोणतीस. दोन्ही तुकडे २३ च्या पाढ्यात! म्हणून

१३८६६७ = २३ × ६०२९.

मघाची वजाबाकी ५२९ आली होती, ती २३ चा वर्ग आहे. तीही त्यामुळंच २३ च्या पाढ्यात बसली : दोन्ही तुकडे २३ च्या पटीत असतील तर त्यांची वजाबाकीही तशीच येणार. आता मी सगळ्यांना सांगतो की १००१ च्या कसोटीत आलेलं उत्तर नुसतं तपासून खोडू नका, त्याच्याकडं जरा वेळ बघा.

राहिली ६०२९. ७८ चा वर्ग ६०८४, म्हणून हद्द ७७. सुरुवातीला ११७ भागाकार करावे लागतील असं वाटत होतं, आता ७७ पर्यंतच्या २१ मूळ संख्या उरल्या. त्यातल्या २ ते १९ आधीच बाद झाल्यात, कारण त्यांनी १३८६६७ ला भाग जात नाही, तर तिच्या अवयवाला कुठून जाणार? उरल्या १३. या मात्र सगळ्या करायच्या, एकही गाळायची नाही. माझ्या वहीतल्या बाक्या अशा :

२३ → ३, २९ → २६, ३१ → १५, ३७ → ३५, ४१ → २, ४३ → ९, ४७ → १३, ५३ → ४०, ५९ → ११, ६१ → ५१, ६७ → ६६, ७१ → ६५, ७३ → ४३.

कुठंही शून्य नाही, म्हणून ६०२९ ही मूळ संख्या. ४१ ला बाकी २ आणि ६७ ला ६६, थोडक्यात हुकलं. पण थोडक्यात हुकण्याला इथं काही अर्थ नाही, बाकी शून्य तरी असते किंवा नसते. ज्या दिवशी पोरं "दिसायला मूळ वाटते" म्हणायचं सोडून या तेरा बाक्या लिहून दाखवतात, त्या दिवशी मला बरं वाटतं.

४१६००१ = ३ × २३ × ६०२९.

ताळा नवाच्या बेरजेनं करा. प्रत्येक संख्येचे अंक मिळवत एक अंक उरेपर्यंत जायचं : ३ चा ३, २३ चा ५, ६०२९ चा १७ म्हणजे ८. ३ × ५ × ८ = १२०, त्याचा ३. डावीकडं ४१६००१ चा १२ म्हणजे ३. जुळलं. या ताळ्यातून अंकांची अदलाबदल निसटू शकते, म्हणून शेवटी एकदा पुरता गुणाकारही करा.

क्रम बदलून लिहिलं तरी चालेल, पण या तीन मूळ संख्यांखेरीज दुसऱ्या कुठल्याही मूळ संख्यांचा गुणाकार ४१६००१ येणार नाही. प्रत्येक संख्येची अशी फोड एकच असते. इथून पुढं सगळं या एका ओळीतूनच निघतं, मोठे भागाकार संपले.

पायरी ४ : विभाजक किती, आणि त्यांची बेरीज किती

विभाजक तयार करताना प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा. तीन अवयव, प्रत्येकाला दोन पर्याय, म्हणून २ × २ × २ = ८ विभाजक. जोड्यांनी लिहिले की चूक होत नाही : १ × ४१६००१, ३ × १३८६६७, २३ × १८०८७, ६९ × ६०२९.

याचा अर्थ डोळ्यांसमोर आणायचा असेल तर मार्केट यार्डात चला. गुळाचे ४१६००१ रवे, म्हणजे ढेपा, आहेत आणि ते एका थरात, प्रत्येक ओळीत सारखे, असे आयताकार लावायचे आहेत असं धरा. ते फक्त चार प्रकारे लागतात. त्यातल्या त्यात आटोपशीर आयत ६९ ओळींचा, आणि प्रत्येक ओळीत ६०२९ रवे. एवढी मोठी संख्या, पण आयत करायला इतकी अवघड.

शेजारच्या सांगलीचा कोड घ्या : ४१६४१६. तीन अंक दोनदा लिहिले की संख्या १००१ नं गुणली जाते, म्हणून ४१६४१६ = ४१६ × १००१. ४१६ चे अवयव आपल्याला माहीत आहेत, १००१ चेही. एकही भागाकार न करता फोड तयार : २ पाच वेळा, १३ दोन वेळा, ७ एकदा, ११ एकदा. विभाजक मोजताना २ शून्य ते पाच वेळा घेता येतो म्हणून ६ पर्याय, १३ ला ३, ७ ला २, ११ ला २. एकूण ६ × ३ × २ × २ = ७२. आकारानं दोन्ही संख्या जवळजवळ सारख्याच, फरक अवघा ४१५ चा. पण एकीला ८ विभाजक, दुसरीला ७२. सांगलीचे रवे ६१६ × ६७६ अशा जवळजवळ चौरसात बसतात. संख्येचा आकार पाहून तिचा स्वभाव कळत नाही, तो अवयवांतच असतो, हे मला या दोन गावांच्या कोडांइतकं चांगलं दुसऱ्या कशानं दाखवता आलेलं नाही.

आता बेरीज. सगळे विभाजक मिळवायचे असतील तर (१ + ३) × (१ + २३) × (१ + ६०२९) एवढं करा. कंस सोडवून पाहा, आठही विभाजक एकेकदा बाहेर येतात. ४ × २४ × ६०३० = ५,७८,८८०. त्यातून खुद्द ४१६००१ वजा केली की उरतात १,६२,८७९. ही बेरीज संख्येपेक्षा कमी आहे, म्हणून ४१६००१ ही न्यून संख्या. जास्त आली असती तर विपुल म्हटलं असतं, बरोबर आली असती तर परिपूर्ण.

परिपूर्ण पिनकोड शोधण्यात वेळ घालवू नका. ६, २८, ४९६, ८१२८ या पहिल्या चार परिपूर्ण संख्या, आणि पाचवी थेट ३,३५,५०,३३६. सहा अंकांत एकही नाही.

विपुल मात्र जवळच सापडतो. शिवाजी विद्यापीठाचा कोड ४१६००४. सम आहे, अंकांची बेरीज १५ आहे, म्हणजे ६ नं भाग जातो. एवढ्यावरच ती विपुल ठरते. तिचा अर्धा २०८००२, तिसरा हिस्सा १३८६६८, सहावा हिस्सा ६९३३४. या तिघांची बेरीज बरोबर ४१६००४. त्यात १ हा विभाजक मिळवला की लगेच वर गेली. ६ पेक्षा मोठ्या, ६ च्या पटीतल्या प्रत्येक संख्येचं असंच होतं.

मसाविबद्दल थोडक्यात. दोन संख्यांना ज्यानं भाग जातो त्यानं त्यांच्या फरकालाही जातो. शाहूपुरी आणि विद्यापीठ यांच्या कोडांत फरक ३ चा, म्हणून मसावि १ किंवा ३ असणार. दोन्हींना ३ नं भाग जातो, म्हणून ३. शाहूपुरी आणि सांगलीत फरक ४१५ = ५ × ८३. ४१६००१ च्या अवयवांत ना ५ आहे, ना ८३. म्हणून या दोन संख्या सहमूळ, म्हणजे त्यांचा मसावि १.

पायरी ५ : दोन वर्गांची बेरीज होते का?

हा भाग शाळेच्या पुस्तकात नसतो, पण मला सगळ्यात जास्त आवडतो. ४१६००१ ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का?

पहिली कसोटी ४ ची. वर्गाला ४ नं भागलं की बाकी ० किंवा १ च उरते. म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ०, १ किंवा २ असते, ३ कधीच नाही. ४१६००१ ची बाकी १. म्हणजे आशा आहे. पण वहीत "३ एकदाच" असं लिहून ठेवलंय, ते आता काढा. वर्गाला ३ नं भागल्यावरही बाकी ० किंवा १ च उरते. दोन वर्गांच्या बेरजेला ३ नं भाग जायचा असेल तर दोन्ही बाक्या शून्यच हव्यात, म्हणजे दोन्ही संख्या ३ च्या पटीत, म्हणजे दोन्ही वर्ग ९ च्या पटीत, म्हणजे बेरीजही ९ च्या पटीत. आपल्या संख्येला ९ नं भाग जात नाही. म्हणून उत्तर : नाही, कधीच नाही. वरवरच्या कसोटीत उत्तीर्ण झालेली संख्या अवयव पाहिल्यावर अडकली.

सर्वसाधारण नियम असा : ज्या मूळ अवयवाला ४ नं भागून बाकी ३ उरते तो विषम वेळा आला तर दोन वर्ग जमत नाहीत. तसा एकही अवयव नसेल तर जमतातच.

आता राजारामपुरी, ४१६००८. ८ नं भाग जातो : ५२००१. आणि ५२००१ = १४९ × ३४९. ही फोड मिळायला १४९ पर्यंत चिकाटीनं भागत जावं लागतं, पण मिळते. १४९ आणि ३४९ दोन्ही मूळ, दोन्हींची ४ नं बाकी १. म्हणजे जमलंच पाहिजे. आधी लहान संख्यांचं जमवा :

१४९ = १०० + ४९ = १०² + ७²
३४९ = ३२४ + २५ = १८² + ५²

आता यांचा गुणाकार दोन वर्गांत कसा बसवायचा? सातव्या शतकातल्या ब्रह्मगुप्तानं दिलेलं नित्यसमीकरण इथं कामी येतं. अ² + ब² ला क² + ड² नं गुणलं की (अक + बड)² + (अड − बक)² मिळतं. अक + बड = १८० + ३५ = २१५. अड − बक म्हणजे ५० आणि १२६ यांतला फरक, ७६. करून पाहा : २१५² = ४६,२२५ आणि ७६² = ५,७७६, बेरीज ५२,००१. बरोबर बसलं!

८ राहिला. २ नं गुणायचं असेल तर दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी घ्या : २१५ + ७६ = २९१, २१५ − ७६ = १३९. मग ४ नं गुणायला दोन्ही दुप्पट करा : ५८२ आणि २७८. म्हणून

४१६००८ = ५८२² + २७८².

चिन्हं उलटी घेतली, म्हणजे १८० − ३५ = १४५ आणि ५० + १२६ = १७६, तर दुसरी जोडी मिळते. त्यांची बेरीज ३२१, वजाबाकी ३१, आणि दुप्पट करून ४१६००८ = ६४२² + ६२². राजारामपुरीच्या गल्ल्या सरळ रेषेत आखलेल्या आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. तिचा कोडही दोन चौरसांत दोन तऱ्हांनी नीट बसतो, हे मला कळलं त्या दिवशी मी ते घरी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.

पायरी ६ : अंकांची गंमत, आणि तिची मर्यादा

आतापर्यंतचे गुण संख्येच्या किमतीचे होते. ती कुठल्याही पद्धतीनं लिहा, अवयव तेच राहतात. काही गुण मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून दिसतात. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी अशा गुणांसाठी आयुष्य दिलं. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसतील तर चार अंकी संख्या शेवटी ६१७४ वर येऊन थांबते. तोच हा प्रसिद्ध कापरेकर स्थिरांक.

सहा अंकांत काय होतं? ४१६००१ घेऊ. ६४११०० − ००११४६ = ६३९९५४. पुढं ६५०८४४, ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. अजून थांबलं नाही. ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि त्यानंतर पुन्हा ४२०८७६! आपला कोड एका जागी थांबत नाही, सात संख्यांच्या फेऱ्यात अडकतो. रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस पुन्हा त्याच बाकड्यापाशी येतो, तसा. मधे कुठं शून्य आलं तर ते टाकून देऊ नका, सहाच्या सहा अंक मांडा, नाहीतर उत्तर चुकतं. प्रत्येक उत्तराला ९ नं भाग जायलाच हवा, तोच इथला ताळा.

पोरांना हा खेळ फार आवडतो आणि खेळू द्यावा. पण सुरुवात अवयवांपासूनच करा असं माझं मत आहे.

याहून मोठी संख्या आली तर?

दहा अंकी मोबाइल नंबर घेतला तर हद्द सुमारे एक लाखापर्यंत जाते, आणि एक लाखाच्या आत ९५९२ मूळ संख्या आहेत. हातानं कुणी करू नये. दर दोन अंक वाढले की हद्द दहापट होते, हे लक्षात ठेवा. म्हणून शेकडो अंकी संख्येपुढं ही पद्धत लिहून दाखवणंही शक्य नाही.

एखादी संख्या मूळ आहे की नाही एवढंच ठरवायचं असेल तर अवयव न शोधताही ते झटपट करता येतं. त्याची खात्रीशीर रीत २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव शोधणं मात्र अजून अवघडच आहे. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी याच अवघडपणावर संदेशाला कुलूप लावायची पद्धत बसवली : दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार जगाला सांगायचा, अवयव स्वतःकडं ठेवायचे. त्या पद्धतीच्या आव्हानासाठी ठेवलेल्या २५० अंकी संख्येचे अवयव पाडायला २०२० साल उजाडावं लागलं, तेही पुष्कळ संगणक एकत्र लावून. १३८६६७ जवळ ज्यानं पेन्सिल खाली ठेवली आहे त्याला हे कुलूप का टिकतं ते लगेच समजतं.

स्वतः करून पाहायला दोन कोड

इचलकरंजीचा ४१६११५. अंकांची बेरीज १८ आहे, शेवटी ५ आहे, म्हणजे सुरुवात सोपी. तुमची फोड ३ × ३ × ५ × ७ × १३२१ अशी यायला हवी. १३२१ मूळ आहे हे ३६ पर्यंत भागून स्वतः दाखवा, माझ्या शब्दावर घेऊ नका. २४ विभाजक होतात. स्वतःला सोडून त्यांची बेरीज ४,०८,८१३ येते, म्हणजे संख्येला ७,३०२ कमी. सहा अंकांच्या मानानं परिपूर्णतेच्या खूप जवळ.

आणि ताराबाई पार्कचा ४१६००३. याचं उत्तर इथं देत नाही. १००१ च्या कसोटीनं सुरुवात करा, म्हणजे पहिला अवयव लगेच हाती येईल. एकूण तीन मूळ अवयव आहेत : एक एक अंकी, एक दोन अंकी, एक तीन अंकी. दुसऱ्यासाठी ६० च्या पुढं जावं लागेल, मधे सोडू नका. तिघांचा गुणाकार ४१६००३ आला की वही मिटा.